पाटीवर हिरवं पान नको, लिटर लिहा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत गाडी धुण्याचा धंदा बदलतो आहे. बायपासवर, पेट्रोल पंपाच्या बाजूला, जिथं आजवर नुसतं वॉशिंग सेंटर होतं तिथं आता ‘कार डिटेलिंग’ची, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईनं साफ करून रंग जपण्याच्या कामाची, पाटी लागते आणि पाटीवर हिरवं पान, शेजारी ‘इको-फ्रेंडली’. पाणी किती लागतं, ते कुठून येतं आणि धुऊन झाल्यावर कुठं जातं, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्या पाटीवर नसतं. पर्यावरणाला जपणारा डिटेलिंगचा धंदा इथं चालू शकतो, चांगला चालू शकतो, आणि तो चालायला हवा. पण त्याची जाहिरात पानाच्या चित्रावर उभी राहणार नाही. लिटरचा आकडा आणि सांडपाण्याचा हिशोब या दोन गोष्टी उघड मांडल्या तरच ती टिकेल. आणि जो हे उघड मांडत नाही त्याला नगरपंचायतीनं, ग्रामपंचायतीनं ते मांडायला लावलं पाहिजे.

पहिलं कारण कायद्याचं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा नेमका कशाबद्दल आहे ते सोबत लिहावं लागतं आणि मागितल्यास पुरावा दाखवावा लागतो. हे वस्तूंना लागू आहे तसंच सेवांनाही, म्हणजे गाडी धुण्यालाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दर्यापूर किंवा उमरखेडच्या एखाद्या पाटीसाठी दिल्लीहून नोटीस येईल असं नाही. पण कायद्यानं जे मागितलं आहे तेच इथला ग्राहकही मागतो, हे धंदा करणाऱ्यानं ओळखायला हवं.

कारण हा ग्राहक बोगस बियाण्यांनी पोळलेला आहे. ‘सेंद्रिय’, ‘जैविक’ अशी चकचकीत लेबलं असलेल्या बाटल्या त्यानं कृषी सेवा केंद्रातून आणल्या आहेत, पऱ्हाटीवर मारल्या आहेत आणि काहीही फरक पडला नाही हेही पाहिलं आहे. शब्दावर त्याचा भरवसा राहिलेला नाही. मापावर मात्र आहे. पंपाला किती मिली, एकरी किती पंप, ही भाषा त्याच्या रोजच्या वापरातली आहे. ‘१० लिटर पाण्याला ४० मिली’ असं सांगितलं की त्याला धंद्यातलं निम्मं कळतं.

आता पाण्याचं गणित. नेहमीच्या वॉशिंग सेंटरवरची प्रेशर गन मशिनागणिक मिनिटाला १० ते २५ लिटर पाणी टाकते. नेमका आकडा हवा असेल तर गनचं तोंड पोत्यात गुंडाळून २० लिटरच्या बादलीत सोडावं आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावं. ओली करणं, फोम मारणं, फोम उतरवणं, खालून मारा करणं हे सगळं धरून गन दहा-बारा मिनिटं चालते. म्हणजे एका चारचाकीला शंभर ते तीनशे लिटर. दिवसाला २० गाड्या आणि गाडीमागे २०० लिटर धरले तर ४,००० लिटर होतात. एक ट्रॅक्टरचा टँकर. जल जीवन मिशनचा ग्रामीण मापदंड माणशी रोज ५५ लिटर आहे. त्या हिशोबानं एक वॉशिंग सेंटर रोज सत्तरेक माणसांचं पाणी वापरतं, आणि बहुतेक ठिकाणी ते पाणी बोअरचं, मीटर नसलेलं असतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खोल गेलं ते गाड्या धुतल्यानं गेलेलं नाही. संत्र्याचं एक मोठं झाड उन्हाळ्यात रोज शंभरेक लिटर पाणी मागतं. बागांच्या तुलनेत गाड्यांचा वाटा नगण्य आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे गाडी धुवा आणि भूजल वाचवा’ अशी जाहिरात करणारा माणूस शेतकऱ्यासमोर पहिल्याच वाक्यात पडतो. खरा मुद्दा एकूण भूजलाचा नाही, तो जागेचा आणि वेळेचा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं पाण्यासाठी जे हाल सोसले तसे एप्रिल-मेचे दिवस कुठल्याही तालुक्याच्या गावाला येऊ शकतात. अशा वेळी वस्तीतल्याच बोअरमधून रोज एक टँकर उपसला जातो आणि शेजारच्या घराचा हातपंप कोरडा पडतो. दावा करायचा तर तेवढाच करावा: या गल्लीत, या महिन्यात, इतकं पाणी कमी उपसलं.

कमी पाण्यात गाडी धुण्याची जी पद्धत खेड्यात सगळ्यात जास्त जमण्यासारखी आहे ती म्हणजे बादली-कापडाची, जिला धंद्यात ‘रिन्सलेस वॉश’ म्हणतात, म्हणजे शेवटी पाणी मारून न विसळता धुणं. वाफेच्या मशीनला पाणी याहून कमी लागतं हे खरं, पण तिला एक तर डिझेलचा बर्नर लागतो किंवा भरवशाची थ्री-फेज वीज लागते. दुसरी गोष्ट इथं दिवसभर मिळेल याची खात्री नाही, आणि पहिली वापरून हिरवं पान लावणं बरोबर नाही.

बादली-कापडाची रीत अशी. १० लिटर पाण्यात साधारण ४० मिली रिन्सलेस द्रावण, म्हणजे सुमारे १:२५६. उत्पादनागणिक हे प्रमाण बदलतं, म्हणून लेबल वाचूनच घ्यावं. त्याच प्रमाणाचं दोन लिटर फवारणीच्या पंपात भरून आधी पूर्ण गाडीवर फवारायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. या थांबण्यातच अर्धं काम होतं. द्रावणातली पॉलिमर धुळीच्या कणाभोवती बसतात, कण मऊ होतो, रंगावरून सुटतो. मग ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबर कापडं बादलीत भिजवून, घडी घालून, एका वेळी एकच भाग पुसायचा: आधी टप, मग काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी खालचा. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल फिरवायचा नाही. एक बाजू मळली की घडी उलटायची; सगळ्या बाजू मळल्या की कापड बाजूला टाकायचं. मळलेलं कापड पुन्हा बादलीत बुडवलं की सगळी पद्धत वाया जाते, कारण मग बादलीतली वाळू पुढच्या प्रत्येक भागावर घासली जाते. मागोमाग कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं. एका चारचाकीला अशी आठ-दहा कापडं लागतात. चाकांची कापडं वेगळी ठेवायची आणि ती बॉडीला कधीच लावायची नाहीत. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण कापडात रुतून बसतात.

फवारणीसाठी शेतातला बॅटरीवर चालणारा पंप उत्तम चालतो. पण तो नवाच हवा. ज्या पंपानं तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं आहे तो कितीही धुतला तरी गाडीवर मारू नये. टाकीत आणि नळीत अंश राहतो, तो दाराच्या हँडलवर येतो आणि तिथून लहान मुलांच्या हातावर.

आता बादलीतले १० आणि फवारणीचे २ अशा १२ लिटरांची गोष्ट. ‘फक्त १२ लिटरमध्ये गाडी चकाचक’ अशी जाहिरात ओघानं सुचते आणि इथंच हिशोब चुकतो, कारण कापडं धुण्याचं पाणी कोणी धरत नाही. मशीनच्या एका खेपेत चाळीसेक कापडं बसली आणि साठेक लिटर पाणी लागलं, तर गाडीमागे दहा कापडांचे १५ लिटर झाले. साध्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते आणखी वाढतं. म्हणजे खरा आकडा बाराचा नाही, तिसाच्या जवळपासचा आहे. पाटीवर ३० लिहावं. ३० हासुद्धा २०० च्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी आहे आणि तो कोणी तपासायला आला तरी टिकतो. कापडांबद्दल आणखी एक: मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, शुद्ध प्लास्टिकचा धागा. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. मशीनच्या निचऱ्याच्या नळीला दाट जाळीची पिशवी बांधली तर त्यातला काही भाग अडतो. कापडं सुती कपड्यांसोबत धुऊ नयेत, फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नये, फार गरम पाणी घेऊ नये; तंतू बुजतात आणि कापड पाणी शोषत नाही, मग ते लवकर फेकावं लागतं.

पाणी कोणतं घ्यायचं हा विदर्भात वेगळाच प्रश्न आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथलं बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे डाग राहतात, काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर तर लांबूनही दिसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि पर्याय नसेल तर २,०००. गाडीच्या शेवटच्या पुसण्यासाठी मात्र १०० च्या खालचं पाणी चांगलं, ३०० च्या वर डाग दिसू लागतात. खिशातलं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. ते प्रत्येकाकडे हवं. मात्र मीटर एकूण क्षार सांगतं, कोणते ते सांगत नाही. सोडियमचे क्षार ओल्या कापडानं निघतात. बेसॉल्टच्या खडकातल्या पाण्याचा कॅल्शियम उन्हात वाळला की चुन्याचा थर धरतो, आणि तो काढायला आम्ल वापरावं लागतं. म्हणजे चुकीच्या पाण्यानं धुतलं की पुढच्या वेळी जास्त तिखट रसायन लागतं. शिवाय खारं पाणी गाडीच्या खाली मारलं तर गंज लवकर धरतो.

बहुतेक गावांत आता आरओचा प्लांट आहे आणि २० लिटरचा जार वीस-तीस रुपयांत मिळतो. बादली-कापडाच्या पद्धतीला हा जार बरोबर पुरतो, डाग पडत नाहीत. पण आरओ प्लांट जेवढं पाणी गाळून देतो साधारण तेवढंच, कधी त्याहून जास्त, खारं करून बाहेर टाकतो. जाराचं पाणी वापरणाऱ्यानं तेही आपल्या हिशोबात धरावं. याहून चांगला मार्ग पावसाच्या पाण्याचा. १०० चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के हाती आलं, तर ६४,००० लिटर होतं. एवढं साठवणं शक्य नाही, गरजही नाही. ५,००० लिटरची एकच काळी टाकी सप्टेंबरअखेर भरून ठेवली तर १२ लिटरच्या हिशोबानं चारशे गाड्या होतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यावं, कारण छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा त्यातच येते. टाकी उजेडापासून बंद ठेवावी नाहीतर शेवाळ धरतं, आणि झाकणाला जाळी लावावी नाहीतर डास होतात. ‘ही गाडी पावसाच्या पाण्यानं धुतली’ हे वाक्य जाहिरातीत हजार पानांच्या चित्रांपेक्षा मोठं आहे, पण टाकी तिथं उभी दिसली पाहिजे.

ही पद्धत कुठं फसते तेही पाटीवर यायला हवं. पावसाळ्यात वावरातून आलेल्या बोलेरोला बादली-कापड चालत नाही. काळी माती चिकट असते, मडगार्डच्या आत किलोकिलोनं बसते, आणि तिच्यात चुनखडीचे टोकदार कण असतात. त्यावर कापड फिरवलं की रंगावर ओरखड्यांचं जाळं उमटतं. अशा गाडीवर आधी पाणी फवारून दहा मिनिटं माती भिजू द्यावी, मग कमी प्रवाहाच्या गननं वरून खाली माती उतरवावी. याला ४० ते ५० लिटर जास्त लागतात, म्हणजे एकूण ८० च्या आसपास. म्हणून पाटीवर दोन आकडे हवेत: धुळीची गाडी ३० लिटर, चिखलाची गाडी ८० लिटर. दुसरा आकडा लपवला तर जुलैत पहिलाही खोटा ठरतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, मुरूम वाहणारी वाहनं या पद्धतीत बसतच नाहीत. ‘ट्रॅक्टर घेत नाही’ असं स्पष्ट लिहावं.

उन्हाळ्यात उलटी अडचण. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हातल्या बोनेटला हात लागत नाही. द्रावण टाकलं की सेकंदांत वाळतं, मग त्याचेच पट्टे उठतात आणि ते काढायला पुन्हा पाणी जातं. सकाळी नऊच्या आत काम उरकावं किंवा भाजीच्या वाफ्यावर लावतात तसली ७५ टक्क्यांची शेडनेट चार बांबूंवर ताणावी. हाताची मागची बाजू बोनेटवर पाच सेकंद ठेवता आली तरच सुरुवात करावी. वणी-चंद्रपूरच्या बाजूला कोळशाची धूळ बसते, ती तेलकट असते आणि पुसली की पसरते. तिथं आधीची फवारणी दोनदा करावी लागते, कापडंही जास्त. म्हणजे वणीतला ३० आणि दिग्रसमधला ३० एकच राहणार नाही. आकडा आपल्या गावात मोजूनच लिहावा.

सांडपाण्याबद्दल या धंद्यात सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत जास्त नुकसान तिथंच होतं. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ च्या कलम २४ नुसार दूषित द्रव्य जाणूनबुजून नाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायला मनाई आहे. प्रत्यक्षात वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारण्याची जुनी सवय आहे, इंजिन रॉकेल-डिझेलनं धुण्याची आहे, चाकं ॲसिडनं उजळण्याची आहे. हे सगळं मागच्या नालीतून जातं, आणि जिथं नाली नाही तिथं शोषखड्ड्यात जातं. शोषखड्डा ही चांगली सोय आहे, पण घरच्या मोरीच्या पाण्यासाठी. गाडीच्या सांडपाण्याला तो अगदी चुकीचा आहे: आपल्याकडे मातीच्या खाली भेगांचा काळा पाषाण आहे, भेगेत शिरलेलं तेल गाळलं जात नाही, ते सरळ जवळच्या विहिरीकडे चालत जातं. सरकारी योजनेतला शोषखड्डा दाखवून ‘आम्ही पाणी जिरवतो’ म्हणणारी जाहिरात म्हणूनच धोक्याची आहे.

गन वापरणाऱ्या सेंटरला तीन कप्प्यांची टाकी लागते. मिनिटाला २० लिटर येणार असतील आणि पाणी किमान तासभर थांबायला हवं असेल तर १,२०० लिटर लागतात. गाळाला जागा सोडून प्रत्येकी एक मीटर लांब-रुंद-खोल असे तीन कप्पे बांधले की पुरतं. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेलाचा तवंग वर येतो, तिसऱ्यातून पाणी बाहेर पडतं. कप्पे जोडताना भिंतीला नुसतं भोक पाडू नये. चार इंची पाइपाला ‘टी’ लावून त्याचं खालचं तोंड पाण्यात अर्धा मीटर बुडवावं, म्हणजे पाणी मधल्या थरातून पुढं जातं आणि वरचा तवंग मागेच राहतो. तवंग दर आठवड्याला काढावा, गाळ कप्प्याच्या एक तृतीयांशापर्यंत आला की उपसावा.

एवढं करूनही टाकी अनेक ठिकाणी निकामी ठरते. त्याचं कारण धुण्याची पावडर. डिटर्जंट आणि डिझेल एकत्र येऊन जोराच्या माऱ्यात घुसळले गेले की तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते तासाभरात वर येतच नाहीत. दुधाळ पाणी तिन्ही कप्पे ओलांडून नाल्यात जातं. म्हणून डिझेलची फवारणी बंद, पावडर बंद, इंजिनाचं तेल आधी कोरड्या फडक्यानं पुसून वेगळं काढायचं. या तीन गोष्टी टाकी बांधण्याआधीच्या आहेत. काढलेला तेलकट गाळ आणि जळकं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला विकायचं नसतं, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायचं असतं, आणि त्याची पावती ठेवायची असते. ती पावती दुकानात टांगली तर उत्तम जाहिरात होते.

बादली-कापडाच्या कामात सांडपाणी थोडंच, पण त्यालाही जागा हवी. घरोघरी जाऊन काम करणाऱ्यानं बादलीतलं पाणी ग्राहकाच्या दारातल्या नालीत ओतू नये. झाकणाच्या पिंपात परत आणावं, रात्रभर बसू द्यावं, वरचं पाणी शोभेच्या झाडांना टाकावं. भाजीला नको.

शाम्पूच्या बाटलीवरचं ‘बायोडिग्रेडेबल’ हेही नीट समजून वापरावं. प्रमाणित चाचणीत सहज विघटनशील ठरायला २८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन व्हावं लागतं. म्हणजे नाल्यात पडल्या दिवशी ते साबणच असतं, मासोळ्यांना आणि बेडकांना त्रासदायकच असतं. ‘विघटनशील आहे म्हणून नाल्यात सोडलं तरी चालतं’ असं ग्राहकाला कधीही सांगू नये. रिठ्याचा शाम्पू, लिंबाचा शाम्पू म्हणून जे विकलं जातं त्यालाही हेच लागू.

मग ग्राहकाला काय सांगून बोलवायचं? आमचं ठाम मत आहे की पर्यावरण हे विक्रीचं पहिलं वाक्य नसावं. पहिलं वाक्य गाडीच्या रंगाचं असावं. रंगावरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. ट्रॅक्टरला लावलेला स्पंज कारला लावला की त्यावर बारीक गोल ओरखडे उठतात; ते घालवायला रबिंग करतात, म्हणजे तो थर घासून सपाट करतात, आणि प्रत्येक रबिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन थर कायमचा जातो. दरवर्षी रबिंग करून घेतलेली गाडी काही वर्षांत फिकी पडते, मग पुन्हा रंग, थिनर, उघड्यावर फवारणी. गाडीचा मूळ रंग टिकवणं हेच डिटेलिंगमधलं सगळ्यात पर्यावरणपूरक काम आहे, आणि ग्राहकाच्या खिशालाही तेच परवडतं. म्हणून जो धंदेवाला हिरवं पान लावून दर दिवाळीला ‘फुल बॉडी रबिंग’ची सवलत देतो तो एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतो.

हे दाखवायला आठवडी बाजारासारखी जागा नाही. एक धूळ बसलेली गाडी उभी करावी, बोनेटचा अर्धाच भाग पुसावा आणि मोबाइलचा टॉर्च दोन्ही बाजूंवर धरावा. शेजारी मापाची बादली, टीडीएस मीटर आणि पुसून झालेलं गढूळ पाणी काचेच्या बरणीत. लोक थांबतात, मीटर स्वतःच्या हातात घेतात, आपल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून मोजायला आणतात. तेच पुढचे ग्राहक. व्हॉट्सॲपवर गाडीचा चमकणारा फोटो सगळेच टाकतात. त्याऐवजी ‘आज चार गाड्या, १२४ लिटर’ अशी रोजची ओळ टाकावी. महिनाभर टाकली की तिच्यावर विश्वास बसतो.

वेळ पिकाच्या पैशाप्रमाणे धरावी लागते. दसऱ्याच्या आधी गर्दी असतेच, पण काम दसऱ्यानंतर जास्त असतं: पूजेचं हळद-कुंकू, नारळाचं पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या रंगावर राहिल्या की उन्हात डाग पक्के होतात. दुसऱ्या दिवशीच ओल्या कापडानं काढले तर निघतात. ही माहिती दसऱ्याच्या सकाळी ग्राहकांना फुकट पाठवावी. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचा त्यानंतर; आतून सीट, गालिचे धुण्याची मोठी कामं तेव्हा निघतात. लग्नसराईत सजवलेल्या गाड्यांवरचा टेपचा डिंक काढण्याचं काम वेगळ्या दरानं घ्यावं. कायमचा ग्राहक मात्र शिक्षक, डॉक्टर, कृषी केंद्रवाले आणि भाड्यानं गाडी चालवणारे. त्यांना दर आठवड्याला दारात येऊन काम करणारा हवा असतो, रविवारी वॉशिंग सेंटरवर तासभर रांग नको असते.

दराबद्दल लपवाछपवी नको. समजा द्रावण ५० रुपये, जार २५, कापडांची झीज १०, पेट्रोल २०, म्हणजे मजुरीआधीच शंभरावर गेले. त्यात एका माणसाचा तास. दोनशे रुपयांत फोम मारून देणाऱ्याशी दरात स्पर्धा होणार नाही आणि करूही नये. जो दर कमी करण्यासाठी दहाऐवजी चार कापडं वापरतो त्याच्या हातून तीन महिन्यांत कुणाची तरी काळी गाडी ओरखडून निघते, आणि एवढ्याशा गावात ते लपत नाही.

राहिला प्रश्न सार्वजनिक. बेंगळुरूनं मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली, ५,००० रुपये दंड ठेवला. आपल्याकडे अशी सरसकट बंदी उपयोगाची नाही. सेंटर बंद केलं की गाड्या आणि ट्रॅक्टर नदीत, नाल्यात उतरतात. पोळ्याला बैल धुवायला नेतात त्याच पाण्यावर मग तवंग दिसतो. बंदीपेक्षा अटी बऱ्या. नगरपंचायतीनं परवान्याच्या नूतनीकरणावेळी तीन गोष्टी मागाव्यात: बोअरला मीटर, शोषखड्ड्याऐवजी तीन कप्प्यांची टाकी, आणि दर्शनी पाटीवर धुळीचा व चिखलाचा असे दोन लिटरचे आकडे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहीर वेगळी मोजली आहे आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंधनं आहेत; वॉशिंग सेंटरची बोअर त्यात येते का हे परवाना देण्याआधी पाहिलं जावं.

यावर आक्षेप येतो की वॉशिंग सेंटरवर गरीब पोरं काम करतात, अटी लादल्या तर त्यांचा रोजगार जाईल. आक्षेप खरा आहे, म्हणून मुदत द्यावी लागेल. टाकीचं काम विटा-सिमेंटचं आहे, गावातला गवंडी करू शकतो. एक वर्ष पुरेसं आहे. डिझेलची फवारणी मात्र उद्यापासून बंद करता येते, त्याला खर्च नाही, उलट बचत आहे. आणि तीच पोरं बादली-कापडाचं काम आठ दिवसांत शिकतात, दिवसभर ओल्यात आणि ॲसिडच्या वाफेत उभं राहावं लागत नाही.

सुरुवात सरकारी गाड्यांपासून करता येईल. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणी, ग्रामीण रुग्णालयं यांच्या गाड्या कुठंतरी धुतल्या जातातच आणि त्यासाठी दरपत्रकं मागवली जातात. त्या दरपत्रकात दोन रकाने वाढवावेत: एका गाडीला किती लिटर पाणी, आणि सांडपाणी कुठं जातं. कमी दराच्या आधी हे दोन रकाने वाचले जावेत.